कोटाची सावली

कारखान्याच्या लिलावातून आणलेला हा फ्लॅश
उडाला की समोरचा माणूस गुन्हेगार दिसतो.
नाकाची सावली गालावर सुरीसारखी,
कपाळावर तेलकट चांदणं,
आणि डोळ्यांत भाव असा
की आता नाव, गाव, बापाचं नाव विचारणार.

गूम्रीत जानेवारीत गिऱ्हाईक कमी.
मी बसले त्याची नखं काढत.

आईचं ॲल्युमिनियमचं पातेलं, परातीएवढ्या तोंडाचं,
ज्यात ती द्राक्षाची पानं धुवायची,
त्याच्या बुडाला भोक पाडलं, कानस मारली.
आतून पांढरा रंग, दोन हात, चमक नसलेला.
फ्लॅशच्या नळीपुढे जर्दाळूच्या मुरांब्याचं झाकण
सायकलच्या तीन आऱ्यांवर टांगलं,
म्हणजे उजेड थेट तोंडावर धावून न जाता
आधी पातेल्याला विचारून येईल.
तोंडाला फडकं. पहिलं नायलॉनचं,
ते तापून आक्रसलं, आठवडाभर वास गेला नाही.
दुसरं सुती, त्यानं सगळ्यांना कावीळ झाली.
तिसरं भाचीच्या बाप्तिस्म्याच्या झग्याचं अस्तर.
बहिणीला अजून सांगितलेलं नाही.

मिसाक आला सुटाबुटात, ओव्हरकोट हातावर.
चाळीस वर्षं रेल्वेच्या डब्यांना झाळ दिलेला माणूस,
भुवया कधीच जळून गेलेल्या.
म्हणाला, वार्दुहीच्या शिळेवर अर्धी जागा मोकळी आहे.
फोटो तयार असलेला बरा.
मुलगा क्रास्नोदारला, ऐनवेळी त्याला काय सापडणार,
लायसन्सवरचा?

दिवा लांब नेला की मऊ होतो, असं लोकांना वाटतं.
उलट आहे.
जवळ आण, इतका की फडक्याची किनार
माणसाच्या श्वासानं हलेल,
तेव्हा तो बोचायचा थांबतो.
मी आणला.
मिसाकनं डोळे मिटले,
न्हाव्याकडे मिटतात तसे.

फोटो बघून बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, हा माझा भाऊ दिसतो.
जो झाळकामाला गेलाच नाही, तो.
पण चालेल. तिला तोही आवडला असता.

झोहराप पाथरवटानं दुसऱ्याच दिवशी फोटो परत पाठवला,
मागे पेन्सिलीनं लिहून:
हायकानुश, यात धरायला काही नाही.
दगड काळा आहे, मी पांढरं तेवढं टोचतो.
माझ्या सुईला कड लागते.
तू दिलंस ते धुकं.

अस्तर काढून पाहिलं: पुन्हा गुन्हेगार.
अस्तर लावून पाहिलं: पुन्हा भाऊ.
दुपार अशीच गेली. मिसाक स्टुलावर,
मधूनच बोटं मोडत, विजेचं बिल कोण भरतं विचारत.
मग खुंटीवरचा त्याचा काळा कोट दिसला.
तोच स्टँडला अडकवून
त्याच्या गालाशी आणून उभा केला.
लोकरीनं त्या बाजूचा सगळा उजेड पिऊन टाकला,
आणि गालाची कड वर आली,
हनुवटीवरची जुनी ठिणगीची खूणसुद्धा.
फडकं होतं तिथंच होतं.

बटण दाबण्याआधी विचारलं,
शिळेवर वार्दुही कुठल्या अंगाला?
त्यानं विचार न करता हात केला,
पलंगावरची बाजू दाखवावी तसा.
मी दिवा तिकडे नेला, कोट इकडे.

जाताना पातेल्यात डोकावून बघत राहिला.
घरी परत नेणार का हे?
भोक पाडलंय, म्हटलं.
ॲल्युमिनियम आहे, नखरे करतं, तो म्हणाला,
पण देतो झाळ, आण कधीतरी.
बाहेर बर्फ भुरभुरत होतं.
तो दारात थांबला, खांदे चाचपले,
आणि कोट घ्यायला परत आत आला.